लाईट आली की हलायचं नाही

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट उतरावा लागतो आणि मोताळा तालुक्याची काळी माती सुरू होते. याच तालुक्यातलं रोहिणखेड इतिहासाच्या पुस्तकांत दोन लढायांमुळे येतं. पहिली १४३७ ची, बहमनी फौज आणि खानदेशचे फारुकी यांच्यातली. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरची, निजामशाहीच्या गादीसाठी झालेली. डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं हे गाव.

खालचा वाद मात्र याच गावातल्या एका ओसरीवरचा आहे. त्यातले मामा आणि भाची माझ्या कल्पनेतले. ते ज्या यंत्रांबद्दल बोलतात ती खरी. मामा शेती करतात, हंगामात भाड्याने थ्रेशर चालवतात. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. भाची पुण्यात वैद्यकीय उपकरणांचे आराखडे करते. दिवाळीला आली तेव्हा अंगणात सोयाबीनचं कुटार पडलेलं होतं आणि तिच्या मांडीवर कागद.

मामा: काय काढून राह्यली? क्रेन दिसते.

भाची: क्रेनच समजा. ऑपरेशनच्या टेबलाशेजारी उभी राहणारी. दुर्बीण किंवा सुई धरायची, डॉक्टर सांगतील तिथे न्यायची आणि तासन्‌तास तिथेच धरून ठेवायची.

मामा: माणसाच्या किती जवळ?

भाची: आतच म्हणा ना. पोटाला सेंटिमीटरभर छिद्र पाडतात, त्यातून दुर्बीण आत जाते. दुसरं टोक या यंत्रहाताने धरायचं.

मामा: मंग तो कागद फाडून टाक. हे दोन बोटं गेले तवापासून मले एकच गोष्ट समजते. यंत्र अन् माणूस यांच्यात अंतर पायजे. थ्रेशरचं तोंड आखूड होतं म्हून माह्या हात आत पोचला. लांब असतं तं पोचलाच नसता.

भाची: हे सरकारलाही पटलेलं आहे. १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा थ्रेशरसाठीच आला. मानकात लिहिलंय, पेंढ्या सारायचं तोंड किमान ९०० मिलिमीटर लांब हवं आणि त्यातलं ४५० मिलिमीटर वरून झाकलेलं. म्हणजे अख्खा हात घातला तरी ड्रमला लागू नये.

मामा: मंग तुह्या यंत्राले असं तोंड काहून नाई?

भाची: कारण तुमच्या थ्रेशरला सोयाबीन हवं असतं, माणूस नको असतो. माझ्या यंत्राला माणूसच हवा असतो. अंतर ठेवलं तर कामच होणार नाही. हा पेच जुना आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये कारखान्यातला एक यंत्रमानव मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढायला वापरला. पुढे तो बनवणाऱ्यांनीच हरकत घेतली: आमचं यंत्र कुंपणाच्या आत, माणसांपासून लांब चालावं म्हणून केलंय, रोग्याजवळ नेऊ नका.

मामा: शहाणे होते बिचारे.

भाची: होते. पण तो वापरणारेही शहाणेच होते. यंत्राने फक्त सुईची दिशा दाखवणारी नळी डोक्याशी नेऊन धरायची. मग त्याची वीज काढून घ्यायची आणि सांधे जागीच अडकवायचे. भोक पाडणं, सुई सारणं हे सगळं डॉक्टरांनी हाताने करायचं. सुई मेंदूत असताना यंत्रात हलायची ताकदच नाही.

मामा: म्हंजे बैलाले खुंट्याले बांधून मंग धार काढली.

भाची: बैलाची?

मामा: म्हशीची म्हन. मतलब समजला ना?

इथवर दोघांचं एकमत झाल्यासारखं वाटेल. पण मामांना वीज काढून घेतलेलं यंत्रच मान्य होतं. भाचीला ते पुरेसं नव्हतं. पोटाच्या ऑपरेशनात दुर्बिणीला सतत इकडून तिकडे जावं लागतं. अडकवून ठेवलेला हात तिथे निरुपयोगी.

मामा: मंग माणूसच धरू दे ना दुर्बीण. देवाने हात कशाले देले?

भाची: तीन तास? शिकाऊ डॉक्टर उभ्याने धरतो, दीड तासाने हात थरथरतो आणि पडद्यावरचं चित्रही थरथरतं. रक्तवाहिनी दोन मिलिमीटरची आणि चित्र हलतंय. माणसाचा हात थकतो मामा, लोखंडाचा थकत नाही.

मामा: लोखंड थकत नाई म्हूनच बोट सोडत नाई. मायं बोट अडकलं तवा थ्रेशरले दमच नव्हता लागला.

भाची: म्हणून लोखंडाला आधी दुबळं करायचं. मोटर कामापुरतीच, जास्त ताकदीची नको. आणि वेग. कारखान्यात शिकवणीच्या वेळी यंत्रमानव सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा वेगाने फिरवू देत नाहीत. माणसाला धोका कळून बटण दाबायला पाव सेकंद धरा. तेवढ्यात हात सहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. कारखान्यात चालेल, पोटात नाही. तिथे सेकंदाला एक सेंटिमीटर धरला, तर त्याच पाव सेकंदात अडीच मिलिमीटर होतात. तेही जास्तच आहेत.

मामा: म्हंजे बटन दाबनाऱ्याच्या भरोश्यावर राहूच नको.

भाची: नाहीच राहत. कुडाच्या भिंतीला भोक आहे आणि त्यातून काठी घातलीय असं समजा. बाहेरचं टोक वर केलं की आतलं खाली जातं, पण भोकाशी काठी जागची हलत नाही. पोटाचं छिद्र हे ते भोक. यंत्राने काठी कशीही फिरवावी, छिद्राशी ती सरकता कामा नये. सरकली तर पोटाची भिंत फाटेल. यंत्रहाताच्या पट्ट्या दुकानाच्या जाळीच्या सरकत्या दारासारख्या एकमेकींना समांतर जोडल्या, तर हवेतला एक बिंदू जागच्या जागी राहतो. तिथे खिळा नसतो, पण खिळा असल्यासारखी काठी फिरते. तो बिंदू छिद्रावर आणून ठेवायचा. ‘दा विंची’ नावाच्या यंत्रमानवाचे हात याच तत्त्वावर आहेत.

मामा: आपल्या घाटावानी. फौज केवढीही असो, जायची तं त्याच तोंडातून.

भाची: अगदी. आणि ही राखण पट्ट्यांच्या लांबीतच आहे. संगणक बिघडला तरी पट्टीची लांबी बदलत नाही.

मामा: हे पटलं. पन मले आता सांग, जे काम पट्टीनं होते, ते काँप्युटरनं काहून करतेत?

भाची थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या कागदावर नेमकं तेच होतं. पट्ट्यांचा सांगाडा जड होत होता, म्हणून तिने तो काढून साधे सांधे घेतले होते आणि तो बिंदू जागेवर ठेवायचं काम संगणकावर सोपवलं होतं.

भाची: एक गोष्ट सांगते, ती तुमच्याच बाजूची आहे. किरणोपचाराचं थेरॅक-२५ नावाचं यंत्र होतं. त्याच्या आधीच्या यंत्रात किरणांची मात्रा चुकली तर वीज तोडणारे वेगळे, संगणकाशी संबंध नसलेले अडसर होते. नव्यात ते काढले, सगळी भिस्त संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवली. १९८५ ते १९८७ या काळात सहा रोग्यांना भयानक मात्रा बसली, काही दगावले. मागाहून कळलं की तीच चूक जुन्या यंत्राच्या आज्ञावलीतही होती. पण तिथे नुसता फ्यूज उडायचा.

मामा: फ्यूज उडत होता म्हून चूक कोनाले दिसली नाई.

भाची: हो. आणि फ्यूज काढल्यावर माणसं गेली.

मामा: मंग तुह्या कागदावर फ्यूज कुठंय?

भाची: आहेत. प्रत्येक सांध्याला दोन मापक आहेत. हात कुठे आहे हे दोघांनी वेगवेगळं सांगायचं. दोघांचं जुळलं नाही की वीज बंद. शिवाय तुम्ही मक्याच्या राखणीला बसता तेव्हा रानडुकरांसाठी रात्रभर शेजारच्या मचाणावर हाक देता ना?

मामा: देतो. अन् तिकडून हाक आली नाई का उठून पाहा लागते.

भाची: तसंच. संगणकाने दर काही मिलिसेकंदांनी हाक द्यायची. हाक थांबली की दुसरं, अगदी साधं सर्किट त्याला न विचारता मोटरीची वीज तोडतं. आणि वीज तुटली की ब्रेक लागतो. हा ब्रेक उलटा असतो: स्प्रिंग त्याला कायम दाबून धरते, वीज असेल तेवढा वेळच तो सुटलेला राहतो. मलकापूर स्टेशनात उभ्या गाडीचं पाहा. हवेचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेला, नळी तुटली की गाडी आपोआप जखडते.

मामा: आता कसं बोलली. शंका आली का बंद. याच्याहून दुसरी सुरक्षा नाई.

भाची: इथेच आपलं जुळत नाही मामा.

खरा वाद इथे सुरू झाला. थ्रेशर, पिठाची गिरणी, उसाचा चरक यांच्याजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला ‘बंद’ म्हणजेच ‘सुरक्षित’. ऑपरेशनच्या टेबलाशी हे समीकरण डळमळतं.

भाची: यंत्राच्या चिमट्यात रक्तवाहिनी धरलेली आहे आणि वीज गेली. चिमटा सुटला तर रक्ताची चिळकांडी. म्हणजे इथे धरून ठेवणं सुरक्षित. आता दुसरं. सुई यकृतात आहे. रोगी श्वास घेतो तसं यकृत वर-खाली होतं. यंत्राने सुई घट्ट धरून ठेवली तर हलणारं यकृत स्थिर सुईवर फाटेल. म्हणजे इथे सोडून देणं सुरक्षित. आता तिसरं. ऑपरेशन चालू असताना रोग्याचं हृदय थांबलं, छाती दाबायची आहे, आणि यंत्राचे हात ब्रेक लागून छातीवर आडवे उभे. ते इमानदारीने बंद आहेत, आणि त्यामुळेच माणूस जाणार.

मामा: मंग काय करता?

भाची: हाताने सोडवायची सोय. ब्रेक हाताने मोकळा करता आला पाहिजे, आणि मोकळा केल्यावर हात धाडकन रोग्यावर पडता कामा नये. म्हणून रेल्वे फाटकाच्या दांड्यामागे वजन असतं तसा तोल आधीच साधायचा. चिमट्याचं तोंड उघडायला ‘दा विंची’बरोबर हाताने फिरवायची किल्ली असते. आणि यंत्र बाजूला काढायची कवायत थिएटरमधल्या लोकांनी आधी करून ठेवलेली असते.

मामा: म्हंजे बंद कसं पडावं हे अगोदर ठरवा लागते.

भाची: तेच माझं काम आहे. चालू कसं व्हावं हे सगळे काढतात. बंद पडल्यावर कोणता भाग धरेल, कोणता सोडेल आणि कोण हाताने हलवेल, हे प्रत्येक ऑपरेशनाला वेगळं ठरवावं लागतं.

मामा: एक राह्यलं. लाईट गेली, ब्रेक लागला, ठीक. लाईट परत आली मंग?

भाची: मग काही नाही. यंत्राने हलायचं नाही. कुणीतरी पाहून, विचार करून, पुन्हा बटण दाबेपर्यंत तसंच उभं राहायचं.

मामा: (हसून) आपल्याकडं उलटं हाये.

भाची: ऑटो स्विच! तुमच्याही मोटरीला आहे ना?

मामा: हाये.

भाची: महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, काढून टाका. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, रोहित्र जळतं. आणि कुणी विहिरीत उतरलेलं असलं तर?

मामा: समजते मले. पन लाईट रातच्या बारा वाजता येते पोरी. थंडीत, सापा-इच्चूत, कोन जाईल बटन दाबाले? ऑटो स्विच मी मस्तीनं नाई लावला.

या उत्तराने भाचीचा सूर बदलला. तोवर ती सुरक्षेबद्दल बोलत होती. आता तिला सुरक्षा काढून टाकणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागत होतं.

मामा: तुह्या कागदावर हे काय, हातावर गोल-गोल?

भाची: स्पर्श ओळखणारी पट्टी. हात कशालाही लागला की यंत्र थांबतं. ही फार महत्त्वाची आहे मामा. रोगी भुलीखाली असतो, अंगावर हिरव्या चादरी असतात. चादरीखाली यंत्राचा कोपर त्याच्या मांडीवर किंवा खांद्यावर दाबत असेल तर कुणाला दिसत नाही आणि तो ओरडत नाही. तीन तास नस दाबली गेली तर शुद्धीवर आल्यावर हात उचलत नाही.

मामा: (हात पाहत) मी ओरडलो म्हून गड्यानं पट्टा पाडला. नाई तं कोपरापर्यंत गेला असता.

भाची: तिथे ओरडणारा नाही. त्याच्या वतीने यंत्रानेच ओरडलं पाहिजे.

मामा: बरोबर. पन कशालेही लागला का थांबते म्हनली तू. चादरीले लागला तरी?

भाची: हो.

मामा: चादर तं चारही बाजूनं लोंबते. दिवसात किती खेपा थांबन?

भाची: …वीस-पंचवीस.

मामा: मंग चौथ्या दिवशी तुह्या पट्टीले कोनीतरी चिकटपट्टी लावीन. माह्या थ्रेशरचं झाकन मीच काढलं होतं. ओला माल आला का त्यात अटकायचा, दर दहा मिनिटाले बोल्ट खोला लागत. एक दिवस लावलंच नाई. दोष माह्याच हाये. पन झाकन ज्यानं बनवलं, त्यानं कधी ओलं सोयाबीन काढलं नसन.

भाचीने पेन्सिल उचलली आणि ती पट्टी खोडली.

भाची: मग असं करू. चादर लागली तर यंत्र थांबणार नाही, नुसतं हळू होईल. दाब वाढत गेला आणि टिकून राहिला, तरच थांबेल आणि मागे सरेल. बाहेरून मऊ कवच, कोपरे गोल. आणि दोन सांध्यांच्या मध्ये फट ठेवायची ती मोजून. चिरडलं जाऊ नये म्हणून मानकात मापं दिलीत: बोटाला किमान २५ मिलिमीटर, पंजाला १००, डोक्याला ३००.

मामा: बोटाले पंचवीस. हे थ्रेशरवाल्याले माहीत होतं का?

भाची: माहीत असायला हवं होतं.

मामा: अन् इथं बाजूले ‘सावधान’ लिहिलं, ते काय?

भाची: सूचना-फलक.

मामा: कोन वाचते?

भाची: फार कुणी नाही. नियमातही त्याचा नंबर शेवटचा आहे. वैद्यकीय उपकरणांतला धोका कमी करायचा क्रम ठरलेला आहे: आधी रचनाच अशी करा की धोका उरू नये, ते जमलं नाही तर अडसर लावा, तेही अपुरं पडलं तर सूचना लिहा आणि शिकवा. आळशी माणूस हा क्रम उलटा लावतो.

मामा: अन् हे सगळं धुता येईन का? रक्त-पानी उडन ना.

भाची: वरून निर्जंतुक आवरण चढवतात. पण बटणांच्या फटीत द्रव जाऊ नये हेही पाहावं लागतं.

मामा: अन् तो उलटा ब्रेक घासून गेला तं? राजूर घाट उतराच्या अगोदर एसटीचा डायवर एकदा ब्रेक दाबून पाह्यते.

भाची: हे मी घेते. रोज सकाळी, रोगी टेबलावर येण्याआधी, यंत्राने स्वतःच ब्रेक लावून मोटरीने हलायचा प्रयत्न करायचा. जरा जरी सरकलं तरी त्या दिवशी काम बंद.

मामा: पुन्याचं हे यंत्र आपल्या बुलढान्यात येईन कधी?

भाची: असले यंत्रमानव सध्या मुंबई, पुणे, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांत आहेत. पण बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. येतील. आणि वीज जाणारच नाही असं धरून केलेलं यंत्र इथे चालणार नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कर्करोगासाठी भाभाट्रॉन केलं. त्यातला कोबाल्ट बटणाने बंद होत नाही, तो चोवीस तास किरण सोडतो. उपचार संपला की त्याला जाड आवरणाआड परत न्यावंच लागतं. म्हणून वीज गेली तरी बॅटरीवर काम भागेल अशी रचना त्यांनी केली. ज्या देशात यंत्र राहणार, त्या देशाची लाईट ओळखून केलेलं यंत्र ते.

मामा: मंग त्या पट्ट्यांचं काय ठरलं? काँप्युटर का लोखंड?

भाची: लोखंड. जड झालं तरी चालेल. संगणक राहील, पण त्याच्या खाली तुमचा फ्यूज असेल.

मामा: अन् मी ऑटो स्विच काढतो. दिवसा लाईट देनारं सरकार आलं का.

वाद इथे संपला, मिटला असं नाही. मामांचा अजूनही यंत्राजवळ झोपण्यावर विश्वास नाही आणि तो असायचं कारणही नाही. पण सुरक्षेची पारख कशी करायची, हे त्या कागदावर दोघांच्या हाताने उतरलं. जी राखण रचनेतच आहे ती टिकते. जी काम करणाऱ्याच्या आड येते ती चौथ्या दिवशी निघते. आणि ती काढणाऱ्याला बेफिकीर म्हणण्याआधी त्याला रात्री बारा वाजता कशासाठी उठावं लागत होतं, ते विचारावं लागतं.

वाचकहो, उद्या तुमचं माणूस अशा यंत्राशेजारी भुलीखाली झोपणार असेल, तर ते यंत्र किती कोटींचं आणि कोणत्या देशाचं हे विचारू नका. तीन प्रश्न विचारा. लाईट गेली तर हे काय धरतं आणि काय सोडतं? लाईट परत आली की आपोआप हलतं का? हाताने सोडवायची किल्ली कुठे आहे, आणि ती वापरायची कवायत शेवटची कधी केली? डॉक्टर चांगले असतील तर त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. ते किल्ली दाखवतील.